मे महिन्यात मोकळा दिसणारा सडा: कोकणातील एका गावाच्या वृक्षलागवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका गावाचे आहे. गावाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक या नात्याने मी २०१९च्या उन्हाळ्यात या चर्चेत आलो. त्याआधीचा घटनाक्रम ग्रामस्थांकडून, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडून आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तांवरून समजला.

गाव खाडीकडे उतरणाऱ्या एका अरुंद खोऱ्यात वसलेले आहे. भातखाचरे तळाशी, वाड्या आणि आंबा-काजूच्या बागा उतारावर, आणि या सगळ्यांच्या वर जांभ्या दगडाचा सपाट सडा, म्हणजे उघडे कातळी पठार, अशी त्याची रचना आहे. मूळ खडकातील सिलिका आणि विद्राव्य क्षार हजारो वर्षांच्या पावसाने धुऊन गेल्यावर लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे जे कठीण कवच मागे उरते, तो जांभा. त्यावर माती अशी फारशी नसतेच. बहुतेक ठिकाणी ती बोटाच्या पेरापेक्षा कमी आणि खळग्यांत फार तर वीतभर असते. वर्षाला ३,००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने सडा उन्हात तापत राहतो.

सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी आहे. देशातील पडीक जमिनींच्या नकाशांतही उघडा खडकाळ प्रदेश हा पडीक जमिनीचाच एक प्रकार मानला जातो. मालकी सामाईक आहे आणि खातेदारांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे मुंबई, ठाणे, विरार या पट्ट्यात राहतात. कागदावर निरुपयोगी असलेल्या या जमिनीचा गावाला प्रत्यक्षात बराच उपयोग होता. पावसाळ्यात तिच्यावर गुरे चरत असत, पाऊस संपल्यावर वाडीतल्या बायका तिच्यावरचे गवत कापून भारे विकत असत, आणि सड्यावर पडलेले पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली झिरपून त्याखालच्या चिकणमातीच्या थरावरून सरकत उताराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडत असे. गावातील दोन पऱ्ये, म्हणजे लहान ओढे, आणि त्यांच्या काठच्या विहिरी याच पाण्यावर चालतात.

समस्या कशी उभी राहिली

२०१८ साली राज्यात १३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते आणि वृक्षलागवड हा गावोगावच्या बैठकांतला मुख्य विषय होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या मुंबईकरांनी गावात बैठक घेतली. आपल्या गावासाठी काहीतरी टिकाऊ करावे, ही त्यांची इच्छा अगदी प्रामाणिक होती. बागा आणि शेते खासगी. मोकळी दिसणारी जमीन एकच, ती म्हणजे सडा. मंडळातील एकाच्या ओळखीने एका खासगी कंपनीचा सामाजिक निधी मिळाला. किती रोपे लावली याचा आकडा आणि लागवडीची छायाचित्रे द्यायची, एवढीच त्या निधीची अट होती.

जुलैमध्ये लागवड झाली. यंत्राने कातळ फोडून दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले गेले, रस्त्यासाठी कापलेल्या दरडीची तांबडी माती डंपरने आणून त्यांत भरली गेली, आणि वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, गुलमोहर अशी काहीशे रोपे लावण्यात आली. ऑगस्टपर्यंत अनेक रोपांची पाने पिवळी पडली, डिसेंबरपासून उरलेली सुकू लागली आणि २०१९च्या मे महिन्यात मंडळी पुन्हा गावी आली तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच जिवंत होती.

येथून वाद सुरू झाला. रोपे गुरांनी खाल्ली असे मंडळाचे म्हणणे पडले. गुरे राखणाऱ्यांचे म्हणणे होते की मेलेल्या रोपांना गुरे तोंड लावत नाहीत. नवा प्रस्ताव पहिल्याहून मोठा होता. सड्याला तारेचे कुंपण घालायचे, खड्डे आणखी खोल घ्यायचे, पऱ्याकाठच्या विहिरीवरून नळ टाकायचा, आणि कशाही परिस्थितीत तग धरणारी म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ व गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावायचे. कुंपणामुळे चराई आणि गवत दोन्ही बंद होणार होते, म्हणून दोन वाड्यांनी उघड विरोध केला. या टप्प्यावर सरपंचांनी मला बोलावले आणि एकच प्रश्न विचारला: कोणती झाडे लावली तर जगतील?

रोपे का मेली

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पहिली रोपे कशाने मेली हे समजणे आवश्यक होते, कारण गुरे आणि पाणीटंचाई ही दोन कारणे गृहीत धरूनच दुसरा प्रस्ताव आखला होता. आम्ही काही खड्डे उकरून पाहिले. मुळे पिशवीच्या आकारातच गुंडाळलेली होती, तांबडी माती सोडून बाहेर गेलेली नव्हती, आणि बरीचशी काळी पडून कुजलेली होती.

कातळात घेतलेल्या खड्ड्याला बुडाशी आणि बाजूंना वाट नसते. पाऊस लागला की तो भरतो आणि आठवडेच्या आठवडे भरलेला राहतो. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी मंद असतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की काही तासांतच मुळांचे श्वसन अडखळते; साखरेतून मिळणारी ऊर्जा एकदम कमी होते, क्षार शोषून घेण्याचे काम थांबते आणि दुबळ्या मुळांवर कुजीच्या बुरशीला संधी मिळते. पाण्यात उभ्या असलेल्या रोपाची पाने पिवळी पडून मलूल होतात ती यामुळेच. पाणी भोवती असते, पण ते वर चढवणारी मुळे निकामी झालेली असतात.

ज्या रोपांनी पावसाळा काढला त्यांच्यापुढे पुढची अडचण उलट्या बाजूची होती. ऑक्टोबरनंतर वीत-दीड वीत खोलीतली माती झपाट्याने सुकते. सुकणाऱ्या मुळांतून ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पानांपर्यंत पोहोचते आणि पर्णरंध्रे मिटतात. पाणी वाचवण्यासाठी वनस्पतीने घेतलेला हा निर्णय थोड्या दिवसांसाठी हिताचा असतो. पण रंध्रे मिटल्यावर कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्ननिर्मिती थांबते, बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा जातो आणि खालून तापलेला कातळ, वरून ऊन अशा अवस्थेत पान भाजून निघते. उतारावरचा ऐन किंवा किंजळ वृक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये याच परिस्थितीला तोंड देतो, पण त्याची मुळे जांभ्याच्या भेगांतून खालच्या ओलाव्यापर्यंत गेलेली असतात आणि तो पाने गाळून मोकळा होतो. पिशवीत वाढलेल्या रोपाला ती भेग शोधायला एकच पावसाळा मिळाला होता, आणि तो त्याने पाण्याखाली काढला.

थोडक्यात, पाणी कमी पडल्यामुळे नव्हे, तर आधी जास्त आणि मग कमी पडल्यामुळे ही रोपे मेली. अधिक खोल खड्डा हा या दुखण्याचा अधिक मोठा डोस ठरला असता.

तरीही येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला गरजेचे वाटले. कातळावर झाड जगतच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. कोकणात सुरुंग लावून, खड्ड्याला निचरा काढून, गाडीने माती आणून आणि वर्षानुवर्षे शिंपण करून कातळावर हापूसच्या उत्तम बागा उभ्या केलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियन बाभूळही अनेक सड्यांवर उभी आहे. पुरेसा पैसा, पाणी आणि माणूसबळ ओतले तर येथेही काही जगले असते. म्हणून सरपंचांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते तरी त्याने मूळ निर्णय सुटणार नव्हता. विचारायला हवे होते ते हे, की झाडे जगली तर त्यांच्याखाली काय मरेल.

सड्यावर आधीपासून काय उगवत होते

मे महिन्यात सड्यावर काळा कातळ आणि वाळलेल्या गवताचे खुंट दिसतात. त्या काळपटपणाचा बराच भाग नीलहरित शैवाल आणि दगडफुलांच्या पातळ थराचा असतो. पहिल्या पावसात तो थर ओला होताच कामाला लागतो आणि हवेतील नायट्रोजन बांधून या निकृष्ट जागेत थोडेसे खत तयार करतो. खुंटांमध्ये काही गवते अशी असतात की ती मेलेली नसून थांबलेली असतात. पेशींतील ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही त्यांची पाने शाबूत राहतात आणि पाऊस पडल्यावर थोड्याच वेळात पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०२३ मध्ये पश्चिम घाटातील अशा सुकून पुन्हा जिवंत होणाऱ्या ६२ जातींची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी त्यांतल्या फक्त नऊ माहीत होत्या. कातळ आणि सडे ही या वनस्पतींची मुख्य घरे आहेत.

जूनमध्ये कंदवर्गीय वनस्पती सर्वांत आधी वर येतात, कारण त्यांनी मागच्या पावसात साठवलेले अन्न जमिनीखाली तयार असते. मुसळी आणि पांढऱ्या फुलांची दीपकाडी या काळात फुलतात. यांपैकी दीपकाडीची जी जात रत्नागिरीच्या कातळांवर आढळते ती कोकण आणि लगतच्या किनारपट्टीबाहेर मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचलेल्या उथळ जागा गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांनी आणि सीतेच्या आसवांच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात. त्यांच्या कडेला दवबिंदू ही लालसर वनस्पती असते. सप्टेंबरमध्ये कवला, तेरडा आणि नभाळी येतात, त्यांच्यामागून गवते उंच होतात आणि नोव्हेंबरपर्यंत सगळे बी टाकून संपलेले असते.

यांतील कीटकभक्षी वनस्पतींकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण या जागेचा स्वभाव त्यांच्यात सर्वांत स्वच्छ वाचता येतो. जांभ्याच्या मातीत नायट्रोजन अत्यल्प असतो आणि जो थोडा फॉस्फरस असतो तो लोहाच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटून राहतो. सीतेच्या आसवांना खरी मुळे नसतात. त्यांचे बारीक धागे ओल्या मातीत पसरतात आणि त्यांवर टाचणीच्या टोकापेक्षा लहान पिशव्या असतात. त्यांच्या तोंडाशी एखादा सूक्ष्म जीव टेकला की झडप उघडून तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात आत ओढला जातो. दवबिंदू पानावरच्या चिकट केसांनी किडे धरतो. हे सापळे बांधणे आणि चालू ठेवणे वनस्पतीला महाग पडते, आणि हा खर्च फक्त तेथेच परवडतो जेथे ऊन आणि पाणी भरपूर असून खत जवळजवळ नसते. जागेत नायट्रोजन वाढला की उंच, भराभर वाढणाऱ्या गवतांना तो उपयोगी पडतो आणि त्यांच्या सावलीत या बोटभर उंचीच्या वनस्पती हरतात.

दुसऱ्या प्रस्तावातील ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरीपुष्प ही दोन्ही झाडे मुळांवरील जिवाणूंच्या मदतीने नायट्रोजन बांधतात. सर्वसाधारण शेतकऱ्याला हा त्यांचा गुण वाटतो आणि शेताच्या बांधावर तो गुणच आहे. सड्यावर मात्र त्याच गुणाने जागेचे सगळे गणित बदलले असते. त्यात बाभळीच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या पालापाचोळ्याची भर पडली असती. सड्यावरच्या अनेक वनस्पतींचे बी धुळीइतके बारीक असते आणि अशा बियांना रुजण्यासाठी बहुधा उजेडाचा संकेत लागतो. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात लाल किरणांचे प्रमाण घटते, बियांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य तो फरक ओळखते आणि बी रुजणे लांबवते. म्हणजे झाडाखाली उगवून मरण्याऐवजी पुष्कळसे बी उगवलेच नसते, आणि सडा उजाड होत आहे हे कोणाच्या लक्षातही आले नसते, कारण वर झाडे हिरवी दिसली असती.

या फुलोऱ्यावर जगणाऱ्यांची यादी लहान नाही. भर पावसाळ्यात झाडांवर फारशी फुले नसताना मधमाश्या, माश्या आणि फुलपाखरे सड्यावर येतात. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच घरटे करतात; त्यांना दूरवर नजर पोहोचेल अशी जागा लागते आणि झाडी उभी राहिली की ते ती जागा सोडतात.

समोर असलेले पर्याय

ग्रामसभेपुढे शेवटी चार पर्याय आले. पहिला, कुंपण आणि परदेशी झाडांचा प्रस्ताव पुढे नेणे. निधी हाताशी होता आणि आकडा दाखवता आला असता, ही त्याची जमेची बाजू. दुसरा, निचऱ्याचे खड्डे काढून काजूची लागवड करणे. उत्पन्नाच्या दृष्टीने हा गंभीर पर्याय होता आणि काही खातेदार त्याच्या बाजूने होते, पण सामाईक जमिनीवर खर्च कोणी करायचा आणि उत्पन्न कोणी वाटून घ्यायचे यावर एकमत होत नव्हते, शिवाय शिंपणासाठी जे पाणी लागणार ते सड्याच्याच झऱ्यांचे होते. तिसरा, काहीच न करणे. चौथा पर्याय गवत कापणाऱ्या एका वृद्ध बाईंनी सुचवला. लागवड करायचीच असेल तर खालच्या उतारावर करा, तिकडची झाडे आम्ही पाहता पाहता गेली, असे त्या म्हणाल्या. या उतारावर राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, वर्षानुवर्षे कवळतोड (पानांच्या कोवळ्या फांद्यांची तोड) झाली होती आणि पऱ्याच्या दोन्ही काठांवरची झाडी विरळ झाली होती.

माझे मत चौथ्या पर्यायाकडे झुकलेले होते, आणि ते मी लपवले नाही. परंतु मे-जूनमध्ये झालेल्या दोन बैठकांत ते पटवून देता आले नाही. याचे कारण बोलण्याच्या पद्धतीत नव्हते. बैठकीतील प्रत्येकाने सकाळीच सडा पाहिला होता आणि त्यावर काहीही नव्हते.

पहिला निर्णय: बैठक केव्हा घ्यायची

या प्रकरणातील सर्वांत परिणामकारक निर्णय मला हा वाटतो. चाकरमानी वर्षातून तीन वेळा गावी येतात: शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. जमिनीविषयीचे निर्णय मे महिन्यात होतात, कारण तेव्हा सुट्टी लांब असते, रस्ते कोरडे असतात आणि तालुक्याची कामे उरकता येतात. सड्याच्या दृष्टीने मात्र मे हा असा महिना आहे की जेव्हा त्याच्यावरचे जवळजवळ सगळे जीवन बी, कंद किंवा सुकलेल्या पानाच्या रूपात असते. म्हणजे या जमिनीचा निवाडा दरवर्षी ती स्वतः हजर नसताना होत होता.

सरपंचांनी ठराव पुढे ढकलून गणपतीत बैठक घ्यावी, असे ठरले. मंडळाने नाखुशीने मान्य केले. निधीची मुदत डिसेंबरपर्यंत होती, त्यामुळे वेळ होता. २०१९ साली गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला आली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली तेव्हा मंडळाचे पदाधिकारी, सरपंच, गुरे राखणारे दोघे, गवत कापणाऱ्या बायका आणि शाळेतील मुले असे सगळे सड्यावर चढले. मी मुद्दाम भाषण केले नाही. गुराख्यांना आणि बायकांना विचारले की कुठे काय उगवते, आणि त्यांनी नेले तिकडे गेलो. कुठल्या खळग्यातले पाणी सर्वांत उशिरा आटते, कुठले गवत गुरे खातात आणि कुठले टाकतात, कुठल्या भेगेत गेलेले पाणी खालच्या कोणत्या झऱ्याला लागते, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. मी फक्त भिंगाखाली सीतेच्या आसवांच्या पिशव्या दाखवल्या.

मग आम्ही मागच्या वर्षीच्या खड्ड्यांपाशी गेलो. तेथील फरक कोणाला समजावून सांगावा लागला नाही. यंत्राच्या चाकांखाली दबलेल्या पट्ट्यांवर काहीच नव्हते, खड्ड्यांभोवती जेथे तांबडी माती सांडली होती तेथे टाकळा आणि रानमोडी ही तणे गुडघाभर वाढली होती, आणि त्यापलीकडे जांभळा फुलोरा होता. मंडळाचे अध्यक्ष बराच वेळ तेथे थांबले आणि मग मला म्हणाले, "गुरुजी, एवढं सगळं इथं असतं हे आम्हाला लहानपणी ठाऊक होतं. विसरलो होतो."

दुसरा निर्णय: कुंपण आणि चराई

झाडे नकोत हे मान्य झाल्यावर मंडळातील तरुणांनी वेगळीच मागणी पुढे केली. फुले एवढी मोलाची असतील तर त्यांच्या रक्षणासाठी तरी कुंपण घाला आणि गुरे बंद करा, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड होता.

गुरांच्या खुरांनी रोपे तुडवली जातात आणि शेणामुळे जागोजागी खत वाढते, हे खरे आहे. पण उंच गवते खाऊन ती कमी ठेवण्याचे काम गुरेच करतात, आणि त्यामुळे जमिनीलगतच्या वनस्पतींना ऊन मिळते. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आले. तेथे पर्यटकांना आवरण्यासाठी घातलेल्या कुंपणानंतर चराई थांबली, गवत वाढले आणि फुले मागे पडली, असे स्थानिकांनी आणि अभ्यासकांनी मांडले होते. कासचे पठार उंचावरचे आहे आणि आमचा सडा समुद्रसपाटीच्या बराच जवळ. तेथील अनुभव जसाच्या तसा येथे लावणे योग्य नव्हते. तरी गावात गुरांची संख्या आधीच घटत चालली होती, म्हणजे चराई जास्त होण्यापेक्षा कमी होण्याचा धोका अधिक होता. कुंपण घालायचे नाही, चराई चालू ठेवायची, गवताची कापणी बहुतेक वनस्पतींचे बी गळून गेल्यावरच सुरू करायची आणि वणवा लावायचा नाही, असे ठरले. कापणीची वेळ बायकांनीच सुचवली आणि ती त्यांच्या नेहमीच्या वेळेपेक्षा फार वेगळी नव्हती.

केलेली कृती

ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्रामसभेने ठराव केला. सड्यावर नवी लागवड करायची नाही, माती आणून टाकायची नाही आणि वाहने एकाच ठरलेल्या वाटेने न्यायची. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थापन झालेली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती तोपर्यंत कागदावरच होती. तिच्या बैठका सुरू झाल्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीत सड्यावरील वनस्पतींची, त्यांच्या स्थानिक नावांसह आणि फुलण्याच्या महिन्यांसह, नोंद सुरू झाली. हे काम प्रामुख्याने शाळेतील मुलांनी आणि गवत कापणाऱ्या बायकांनी केले.

जुन्या खड्ड्यांतील तांबडी माती जमेल तेवढी काढून उतारावरच्या लागवडीसाठी नेण्यात आली आणि खड्डे तेथेच पडलेल्या जांभ्याच्या तुकड्यांनी भरले. रानमोडी फुलण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, मुळासकट उपटण्यात आली.

निधीचा प्रश्न अध्यक्षांनी स्वतः हाती घेतला. त्यांनी कंपनीशी बोलून लागवडीची जागा बदलून घेतली आणि रोपांच्या आकड्यापैकी काही भाग जुन्या खुंटांच्या संरक्षणासाठी वळवून घेतला. पऱ्याकाठी उंबर, जांभूळ, करंज आणि रातांबा लावले. उतारावर ऐन, किंजळ, बेहडा आणि सातवीण यांची लहान रोपे आधीपासून असलेल्या झुडपांच्या आडोशाला लावली, जेणेकरून पहिल्या उन्हाळ्यात त्यांना थोडी सावली मिळावी. याशिवाय उताराच्या एका भागात कवळतोड बंद करून तोडलेल्या ऐन-किंजळीच्या खुंटांना फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी दोन-तीन जोमदार ठेवले आणि बाकीचे छाटले.

परिणाम

२०२० साली कोरोनामुळे गणपतीतील फेरी झाली नाही; त्यानंतर ती पुन्हा सुरू झाली आणि सुरूच आहे. उतारावरच्या कामाचा निकाल चांगला लागला, तरी त्यात एक शिकण्यासारखा फरक होता. राखलेले खुंट लावलेल्या रोपांपेक्षा कितीतरी भराभर वाढले. याचे कारण उघड आहे: खुंटाखाली अनेक वर्षांची मुळे आधीच खोल ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात आणि त्यांत साठवलेले अन्न धुमाऱ्यांना मिळते. लावलेल्या रोपांपैकी पऱ्याकाठची बहुतेक टिकली. उघड्या उतारावरची बरीच गेली.

सड्यावरचा निकाल मिश्र आहे. दगडांनी भरलेल्या खड्ड्यांच्या कडांवर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात शैवालाचा थर आणि बारीक गवत दिसू लागले. चाकांच्या पट्ट्या अजून फिक्या आहेत. जेथे तांबडी माती पूर्ण काढता आली नाही तेथे दरवर्षी टाकळा आणि रानमोडी येते, दरवर्षी उपटावी लागते, आणि गेंद किंवा सीतेची आसवे त्या जागी परतलेली नाहीत. कातळावरची बोटभर माती बनायला जो काळ लागतो त्याच्या तुलनेत चार-पाच वर्षे काहीच नाहीत. ही झीज भरून निघेल की नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या हयातीत कळेल असे मला वाटत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या लागवडीआधी गवत कापणाऱ्या बायकांना एकदा विचारले असते तर खड्डे पाण्याने भरतात ही माहिती फुकट मिळाली असती. त्या २०१८च्या बैठकीला हजर होत्या, पण प्रश्न त्यांना विचारला गेला नाही, कारण वृक्षलागवड हा त्यांचा विषय आहे असे कोणाला वाटले नाही. निधी देणाऱ्यांनीही लावलेल्या रोपांऐवजी तीन उन्हाळ्यांनंतर जगलेल्या झाडांचा हिशेब मागितला असता, तर जागा निवडताना सगळ्यांनीच अधिक विचार केला असता, असे माझे ठाम मत आहे.

खड्डे बुजवण्याचे काम २०१९च्या पावसाळ्यापूर्वीच झाले असते तर तांबडी माती सड्यावर इतकी पसरली नसती. तेव्हा वाद चालू होता आणि मेलेली रोपे पुरावा म्हणून तशीच ठेवावीत असे दोन्ही बाजूंना वाटत होते. वाद मिटेपर्यंत जागा थांबत नाही. पहिल्या चार मोठ्या सरींतच माती खालच्या खळग्यांत गेली.

चराईच्या निर्णयाची खातरजमा करण्यासाठी सड्याचे दोन लहान तुकडे तात्पुरते कुंपणात ठेवून बाकीच्या भागाशी त्यांची तुलना करायला हवी होती. गुरे अशीच कमी होत गेली तर लवकरच चराई आपोआप थांबेल, आणि तेव्हा उंच गवत कापून ती उणीव भरून काढायची का, कोणत्या महिन्यात आणि किती, हे ठरवायला हाताशी मोजमाप हवे. ते तुकडे आता आखण्यात आले असून ठराविक जागांवरून दर महिन्याला छायाचित्रे घेतली जात आहेत.

ग्रामसभेचा ठराव सामाईक जमिनीवरील खातेदारांना कायद्याने बांधत नाही, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे. सड्याच्या पूर्वेकडील भागातील काही हिस्से विकले गेले असून तेथे चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभा कापून काढण्याची खाण, सुरू करण्यासाठी विचारणा झालेली आहे. खाण झाली तर वनस्पतींबरोबरच त्या बाजूच्या पऱ्याचे पाणी जाईल, आणि ते पाणी पिणाऱ्या दोन वाड्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीतील झऱ्यांच्या नोंदी जोडून तहसील कार्यालयात हरकत दाखल केली आहे.